जॉन ग्रीनच्या कादंबऱ्या कोणत्या क्रमाने आणि कशा वाचाव्यात

दहावीपर्यंत मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमात शिकलेल्या आणि आता ठाण्यातल्या किंवा वाशी-नेरूळकडच्या महाविद्यालयात अकरावीला बसलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी कादंबरी वाचावीशी वाटते, तेव्हा मित्रमंडळींकडून सुचवल्या जाणाऱ्या नावांत जॉन ग्रीन हे नाव बहुधा असते. ही शिफारस योग्यच आहे. मात्र तिच्यासोबत कोणते पुस्तक आधी घ्यावे, कोणते मागे ठेवावे आणि अडखळल्यास काय करावे, हे कोणी सांगत नाही. परिणामी दुकानात जे समोर दिसले ते उचलले जाते, पन्नास पानांत दम संपतो आणि दोष स्वतःच्या इंग्रजीला दिला जातो. प्रस्तुत मार्गदर्शन अशा नव्या वाचकांसाठी आहे. त्यातील क्रम प्रकाशनवर्षांचा नाही आणि लोकप्रियतेचाही नाही. भाषेची चढण हळूहळू वाढावी आणि लेखकाचा मूळ प्रश्न टप्प्याटप्प्याने उलगडत जावा, या हेतूने तो लावला आहे.

तो मूळ प्रश्न आधीच सांगून ठेवलेला बरा. ग्रीनची पात्रे प्रेमात पडतात, आजारी पडतात, घरातून पळून जातात, लांबच्या प्रवासाला निघतात. पण या सर्व घडामोडींच्या तळाशी तो एकच गोष्ट तपासत असतो. समोरच्या माणसाचे जे चित्र आपण मनात रंगवतो, त्याचा त्या खऱ्या माणसाशी कितपत संबंध असतो? हा प्रश्न लक्षात ठेवून वाचले की वरवर निरनिराळी वाटणारी पुस्तके एकाच सलग लेखनाचे भाग वाटू लागतात.

लेखकाविषयी माहिती हवी ती एवढीच. ग्रीनचा जन्म १९७७ साली अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे झाला, बालपण फ्लोरिडातील ऑर्लँडोमध्ये गेले आणि शालेय शिक्षणाचा शेवटचा टप्पा अलाबामा राज्यातील एका निवासी शाळेत पार पडला. ही तिन्ही ठिकाणे त्याच्या कादंबऱ्यांत येतात, त्यामुळे ही नावे लक्षात असली तर वाचताना गोंधळ कमी होतो. पदवीसाठी त्याने इंग्रजी साहित्य आणि धर्म या विषयांचा अभ्यास केला. पुढे धर्मगुरू होण्याचा विचार असल्याने त्याने मुलांच्या एका रुग्णालयात काही महिने धार्मिक समुपदेशकाचे काम केले. तेथे पाहिलेल्या मुलांच्या मृत्यूंनी तो विचार मागे पडला. नंतर शिकागोत ग्रंथपरीक्षणाच्या एका नियतकालिकात नोकरी करत असताना त्याने पहिली कादंबरी लिहिली. २००७ पासून तो आणि त्याचा भाऊ हँक मिळून यूट्यूबवर ‘व्लॉगब्रदर्स’ या नावाने बोलत आले आहेत. लेखकाचा उच्चार आणि बोलण्याची लय कानांवर पडली की कागदावरची वाक्ये सोपी वाटतात, म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी त्यांतील दोन-चार व्हिडिओ अवश्य ऐकावेत.

पहिली पायरी : प्रत मिळवणे

रेल्वे स्थानकांबाहेरच्या पदपथांवर ग्रीनची पुस्तके अगदी स्वस्तात मिळतात, पण ती बहुतेक चोरून छापलेली असतात. लेखकाचे नुकसान हा मुद्दा आहेच. शिवाय अशा प्रतींत पाने गळालेली, पुसट किंवा मागेपुढे बांधलेली निघतात आणि तिरप्या अक्षरांतील मजकूर नीट उमटलेला नसतो. ग्रीनच्या एका कादंबरीत तर तिरप्या अक्षरांवरच अर्थ अवलंबून आहे, त्याविषयी पुढे लिहिले आहे. नवी प्रत परवडत नसेल, तर मुंबईत फोर्ट भागातील जुन्या पुस्तकांच्या पथारीवर चोखंदळपणे शोध घ्यावा किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथपालाकडे लेखी मागणी नोंदवावी. विद्यार्थी मागत नाहीत म्हणून पुस्तके घेतली जात नाहीत आणि पुस्तके नाहीत म्हणून विद्यार्थी फिरकत नाहीत, हा तिढा एका चिठ्ठीने सुटू शकतो. ठाण्याचे मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभे आहे आणि त्याचे सभासदत्व प्रत्येक वाचकाने घ्यावे, परंतु नावाप्रमाणे ते मुख्यतः मराठी ग्रंथांचे घर आहे, त्यामुळे ग्रीनसाठी केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये.

मोबाइलवर वाचणाऱ्यांना शब्दावर बोट ठेवताच अर्थ मिळतो. ही सोय सुरुवातीला घातकच ठरते, कारण प्रत्येक ओळीत थांबण्याची सवय लागते आणि गोष्ट हातून निसटते. निदान पहिले पुस्तक तरी कागदावर वाचावे.

दुसरी पायरी : ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’

सुरुवात २०१२ साली प्रकाशित झालेल्या या कादंबरीपासून करावी. सोळा वर्षांची हेझल ही निवेदक आहे. थायरॉइडचा कर्करोग फुप्फुसांत पसरल्यामुळे तिला सतत ऑक्सिजन लावून वावरावे लागते. आईच्या आग्रहाखातर ती रुग्णांच्या एका आधारगटात जाते आणि तेथे तिला हाडाच्या कर्करोगात पाय गमावलेला ऑगस्टस भेटतो. ‘कॅन्युला’ म्हणजे नाकाशी लावलेली ऑक्सिजनची नळी, ‘रेमिशन’ म्हणजे आजार आटोक्यात आलेला काळ, ‘ऑस्टिओसारकोमा’ म्हणजे हाडाचा एक कर्करोग, एवढे तीन शब्द आधी माहीत करून घेतले, तर पहिली तीन प्रकरणे शब्दकोशाविना वाचता येतात आणि तशीच वाचावीत. हेझलला ज्या औषधाने आयुष्य वाढवून मिळाले आहे ते काल्पनिक आहे. ते शोधत बसू नये.

नव्या वाचकाची खरी अडचण शब्दांची नसून सुराची असते. हेझल तिरकस बोलते. ती घरातल्या ऑक्सिजन यंत्राला फिलिप असे नाव ठेवते, आधारगटाच्या धार्मिक भाषेची टर उडवते आणि तरीही त्या गटातील मुलांविषयी तिला माया आहे. हा उपरोध शब्दशः घेतला तर ती उद्धट वाटते. अशा ठिकाणी परिच्छेद मोठ्याने वाचून पाहावा. आवाजात आणल्यावर थट्टा कोठे संपते आणि भीती कोठे सुरू होते, हे बहुतेकदा आपोआप कळते.

ऑगस्टस न पेटवलेली सिगारेट ओठांत धरून त्यावर भाषण देतो, ते अनेकांना नाटकी वाटते. ते नाटकीच आहे. सतरा वर्षांची मुले इतके तत्त्वज्ञान झाडत नाहीत, हा ग्रीनवरचा जुना आक्षेप आहे आणि तो बऱ्याच अंशी मान्य करावा लागतो. परंतु ऑगस्टसचा डौल हा त्याने स्वतःसाठी शिवून घेतलेला पोशाख आहे, याची कादंबरीला पूर्ण जाणीव आहे. उत्तरार्धात एका रात्री पेट्रोल पंपावर जे घडते, ते वाचल्यावर सिगारेटचा आधीचा प्रसंग परत काढून वाचावा.

मूळ प्रश्न येथे एका लेखकाच्या रूपाने येतो. हेझलचे एका कादंबरीवर जिवापाड प्रेम आहे, ती कादंबरी वाक्याच्या मध्येच संपते आणि पुढे पात्रांचे काय झाले हे विचारण्यासाठी हेझल व ऑगस्टस त्या लेखकाला भेटायला ॲमस्टरडॅमला जातात. पुस्तकावरून तिने मनात उभा केलेला लेखक आणि दारात उभा असलेला माणूस यांची ती भेट हा कादंबरीचा कणा आहे. ज्यांनी ‘दिल बेचारा’ हा २०२० सालचा हिंदी चित्रपट पाहिला आहे, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. तेथे कथा जमशेदपूरला आणली आहे, प्रवास पॅरिसचा आहे आणि लेखकाच्या जागी अपुरे गाणे ठेवून गेलेला संगीतकार आहे. चित्रपट पाहिला आहे म्हणून पुस्तक वगळल्यास वाचक आणि लेखक यांच्या नात्याविषयीचा सगळा भाग वाचायचा राहून जातो.

हे पुस्तक ग्रीनने एस्थर अर्ल या मुलीला अर्पण केले आहे. ती त्याची मैत्रीण होती आणि २०१० साली वयाच्या सोळाव्या वर्षी कर्करोगाने वारली. मात्र हेझल म्हणजे एस्थर नव्हे. कादंबरीच्या प्रारंभीच लेखकाने ही कल्पित कथा असल्याचे बजावले आहे आणि त्याचे ऐकावे.

तिसरी पायरी : ‘टर्टल्स ऑल द वे डाउन’

‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’च्या यशानंतर ग्रीनची पुढची कादंबरी यायला २०१७ उजाडले. प्रकाशनाच्या क्रमाने ही उशिराची असली तरी वाचनाच्या क्रमाने दुसरी ठेवावी, कारण तिची वाक्ये त्याच्या सर्व कादंबऱ्यांत सर्वांत उघडी आहेत. सोळा वर्षांच्या एझाला ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, हा विकार आहे. बोटाच्या टोकावरची एक जखम ती पुन्हा पुन्हा उकरते, धुते, पट्टी बदलते आणि पोटातल्या जिवाणूंचा संसर्ग आपल्याला झाला असेल या भीतीने घेरली जाते. हा विकार ग्रीनला स्वतःला आहे आणि त्याने त्याविषयी जाहीरपणे सांगितले आहे.

वर तिरप्या अक्षरांचा उल्लेख केला तो या पुस्तकासाठी. एझाच्या मनातला हटवादी आवाज तिरप्या अक्षरांत छापलेला असतो आणि तो तिच्याशी वाद घालतो. ही गोष्ट ध्यानात न घेता वाचले, तर कोण कोणाशी बोलत आहे तेच कळत नाही. ही पाने जाणूनबुजून गोल गोल फिरणारी, गुदमरवणारी लिहिली आहेत. ती भराभर वाचून पुढे जाणे हाच उपाय आहे, प्रत्येक वाक्याशी झटापट करणे नव्हे.

बेपत्ता झालेला अब्जाधीश आणि त्याचा ठावठिकाणा सांगणाऱ्यास एक लाख डॉलरचे बक्षीस हे कथानक सुरुवातीला पुढे येते, पण ते दुय्यम आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते कादंबरीचे कच्चे अंग आहे. रहस्यकथेची अपेक्षा ठेवणारा वाचक येथे निराश होईल. त्याऐवजी एझा आणि तिची मैत्रीण डेझी यांच्यावर लक्ष ठेवावे. डेझी प्रसिद्ध चित्रपटातील पात्रांवर स्वतःच्या कथा लिहिते आणि त्यांत तिने एझावर बेतलेले एक पात्र घातले आहे. ते पात्र वाचताना, जिवलग मैत्रिणीच्या नजरेत आपण कशा दिसतो हे एझाला प्रथमच कळते. माझ्या मते ग्रीनने लिहिलेल्या प्रसंगांत हा सर्वांत खरा आहे.

एक सूचना आवश्यक आहे. ज्यांना स्वतःला सततच्या चिंतेचा त्रास होतो, त्यांनी ही कादंबरी एकट्याने रात्री वाचू नये आणि त्रास वाढतो असे वाटल्यास निःसंकोच मिटून ठेवावी. याबाबतीत ठाणेकर तसे सुदैवी आहेत. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली सुरू केलेली आयपीएच ही संस्था याच शहरात मराठीतून मनाच्या आरोग्याचे काम करत आली आहे. घरबसल्या बोलायचे असेल तर ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

चौथी पायरी : ‘पेपर टाऊन्स’ आणि मगच ‘लुकिंग फॉर अलास्का’

या दोन कादंबऱ्या जोडीने वाचायच्या आहेत, आणि त्यांचा क्रम उलटा ठेवावा असा माझा आग्रह आहे. ‘लुकिंग फॉर अलास्का’ २००५ सालची, ‘पेपर टाऊन्स’ २००८ सालची. दोन्हींत साधासुधा मुलगा एका तेजस्वी, बेभरवशाच्या मुलीने भारावून जातो आणि दोन्हींत ती मुलगी त्याच्या हाती लागत नाही. पहिल्या कादंबरीत मुलाच्या नजरेतली मुलगीच बहुतांश वाचकांनी खरी मानली. दुसरीत ग्रीनने त्या नजरेचीच झडती घेतली. दुसरी आधी वाचलेला वाचक पहिलीकडे सावध होऊन जातो आणि अलास्का नावाच्या मुलीविषयी निवेदकाला काय दिसत नाही, हे त्याला दिसते.

‘पेपर टाऊन्स’ ऑर्लँडोत घडते. शेजारची मार्गो एका रात्री क्वेंटिनला खिडकीतून हाक मारते, पहाटेपर्यंत शहरभर सूड घेत हिंडवते आणि नंतर नाहीशी होते. तिने मागे ठेवलेल्या खुणांचा माग काढणे म्हणजे ही कादंबरी. तिला पुढच्या वर्षी एडगर हा रहस्यसाहित्याचा पुरस्कार मिळाला, त्यामुळे रहस्यप्रेमींनी हिच्याकडे विश्वासाने वळावे. येथे वही जवळ ठेवण्याचा खरोखर उपयोग होतो. डाव्या पानावर मार्गोविषयी क्वेंटिन काय समजतो आणि उजव्या पानावर ती प्रत्यक्ष काय बोलली किंवा वागली, असे टिपत जावे. शेवटाकडे येईपर्यंत दोन पानांतील अंतर बोलके झालेले असते. खुणांमध्ये वॉल्ट व्हिटमनची एक दीर्घ कविता येते. क्वेंटिनलाही ती सुरुवातीला कळत नाही, तेव्हा आपल्याला न कळल्याने काही बिघडत नाही.

कथेतील एक धागा खऱ्या इतिहासातला आहे. १९३० च्या दशकात एका अमेरिकन नकाशा-कंपनीने आपली नक्कल कोणी केल्यास ती पकडता यावी म्हणून न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात अ‍ॅग्लो हे अस्तित्वात नसलेले गाव टाकले. पुढे त्या जागी कोणीतरी दुकान काढले, नकाशात पाहून त्याला अ‍ॅग्लोचे नाव दिले आणि कागदावरचे गाव काही काळ खरे झाले. याच्याच जोडीला फ्लोरिडातील अर्धवट सोडलेल्या वसाहती येतात, जेथे रस्ते आखलेले आहेत पण घरे नाहीत. नवी मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर आधी नकाशावर वसवले. सेक्टरचे क्रमांक ठरले, रस्ते झाले आणि माणसे मागाहून आली. उलव्यात किंवा खारघरच्या टोकाला इमारतींच्या आधी उभ्या राहिलेल्या पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना ही पाने सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या वाचकापेक्षा अधिक कळतील. फरक इतकाच की फ्लोरिडातल्या त्या वसाहतींत माणसे आलीच नाहीत.

यानंतर ‘लुकिंग फॉर अलास्का’ घ्यावी. तिला २००६ साली अमेरिकेतील ग्रंथपालांच्या संघटनेचा प्रिंट्झ हा किशोरसाहित्याचा सर्वोच्च सन्मान मिळाला. त्याच संघटनेच्या २०१५ सालच्या यादीत सर्वाधिक हरकती घेतल्या गेलेले पुस्तक म्हणूनही तिचे नाव पहिले होते. दोन्ही गोष्टींना कारण आहे. अलाबामातील निवासी शाळेत घडणाऱ्या या कथेत मुले धूम्रपान करतात, दारू पितात आणि लैंगिक अनुभवांविषयी उघडपणे लिहिलेले आहे. नववीच्या मुलाच्या हाती ती देऊ नये असे मला वाटते. अकरावी-बारावीला हरकत नाही. ज्या पालकांना शंका असेल त्यांनी ती आधी स्वतः वाचावी. पुस्तक ग्रीनच्या इतर कादंबऱ्यांपेक्षा लहान आहे, एका रविवारी होते.

वाचताना एक पथ्य कडक पाळावे, ते म्हणजे इंटरनेटवर कथासार न शोधणे. प्रकरणांना नावे नाहीत, दिवसांचे आकडे आहेत. पहिले प्रकरण कशाच्या तरी एकशे छत्तीस दिवस आधीचे आहे आणि ते ‘कशाच्या’ हे कळेपर्यंतची अस्वस्थता हाच पूर्वार्धाचा आनंद आहे. निवेदक माइल्स याला थोर माणसांचे अखेरचे शब्द पाठ करण्याचा छंद आहे. त्यांचा धर्मांचा इतिहास शिकवणारा वृद्ध शिक्षक डॉ. हाइड वर्गात इस्लाम, ख्रिस्ती आणि बौद्ध परंपरांकडे नेतो. अनेक जण ही वर्गातली पाने कंटाळवाणी म्हणून ओलांडतात, पण उत्तरार्ध त्यांवरच उभा आहे.

बाजूला ठेवलेली पुस्तके

‘ॲन अबंडन्स ऑफ कॅथरिन्स’ ही २००६ सालची कादंबरी गणित आवडणाऱ्यांनी घ्यावी, इतरांनी सोडून दिली तरी चालेल. कॅथरिन नावाच्या एकोणीस मुलींनी नाकारलेला एक हुशार मुलगा प्रेमभंगाचे सूत्र मांडू पाहतो; पानोपानी तळटीपा आहेत आणि शेवटी एका गणितज्ञाने लिहिलेले परिशिष्ट आहे. विनोदी आहे, पण शब्दांशी चाललेल्या खेळांमुळे नवशिक्याला अवघड जाते. २०१० सालची ‘विल ग्रेसन, विल ग्रेसन’ ही डेव्हिड लेव्हिथन याच्यासोबत लिहिलेली आहे, एकाच नावाच्या दोन मुलांची प्रकरणे आळीपाळीने येतात आणि लेव्हिथनच्या प्रकरणांत कॅपिटल अक्षरे मुळीच नाहीत. छपाईची चूक समजून प्रत परत करायला जाऊ नये.

शेवटची पायरी : कादंबरीबाहेरचा ग्रीन

चार कादंबऱ्या झाल्यावर ‘द अँथ्रोपोसीन रिव्ह्यूड’ हा २०२१ सालचा ललित निबंधांचा संग्रह घ्यावा. हॅलेचा धूमकेतू, सूर्यास्त, लास्को येथील गुहाचित्रे अशा विषयांवर लिहून ग्रीन प्रत्येकाला पाचपैकी तारे देतो. निबंध काही पानांचेच आहेत. ठाणे-वाशी लोकलच्या सुमारे अर्ध्या तासाच्या प्रवासात, ऐरोलीनंतर बसायला जागा मिळाली तर, एखादा निबंध सहज पुरा होतो. ओळीने वाचण्याची आवश्यकता नाही.

२०२५ साली आलेले ‘एव्हरीथिंग इज ट्युबरक्युलोसिस’ मात्र ओळीनेच वाचावे. हे क्षयरोगावरचे पुस्तक आहे आणि बरे होण्याजोगा आजार आजही दरवर्षी दहा लाखांहून अधिक माणसे का मारतो, हे ते विचारते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, त्यामुळे आपल्या घरांत हा विषय परका नाही. बेडाक्विलिन या क्षयावरील औषधाच्या पेटंटची मुदत वाढवण्याचा उत्पादक कंपनीचा अर्ज भारताच्या पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. त्या अर्जाविरुद्ध लढलेल्या दोघी, एक भारतीय आणि एक दक्षिण आफ्रिकी, क्षयातून बऱ्या झालेल्या होत्या आणि जुन्या औषधांनी दोघींची श्रवणशक्ती हिरावली होती. त्याच वर्षी जुलैत ग्रीननेही आपल्या प्रेक्षकांना घेऊन त्या कंपनीवर जाहीर दबाव आणला होता. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्याने ही पार्श्वभूमी आधी वाचून ठेवली तर पुस्तकातील औषधांच्या किमतींविषयीची प्रकरणे जड जाणार नाहीत.

पुस्तकाच्या केंद्रस्थानी पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशातील हेन्री हा रुग्ण आहे. २०१९ साली एका सरकारी रुग्णालयात तो ग्रीनला भेटला, तेव्हा ग्रीनला तो आपल्या मुलाएवढा, नऊ-एक वर्षांचा वाटला. ग्रीनच्या मुलाचेही नाव हेन्रीच. प्रत्यक्षात तो सतरा वर्षांचा होता. उपासमार आणि क्षय यांनी त्याची वाढ खुंटली होती. कादंबऱ्यांतून आलेल्या वाचकाला हा प्रसंग कोठून ओळखीचा वाटतो, ते वेगळे सांगायला नको. हेन्रीची हकिकत सलग नाही, ती रोगाच्या इतिहासाच्या प्रकरणांआडून अधूनमधून येते. म्हणून हे पुस्तक महिनाभर लांबवू नये, आणि हेन्री पुन्हा येईल ती पाने आधी शोधून पुढे उडीही मारू नये.